लिंकन आणि आपला कापूस

आपल्याकडं किती शाळांच्या भिंतीवर लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र लटकलेलं असतं! ते त्यानंच लिहिल्याचा पुरावा नाही, पण जाऊ द्या. अमरावती-अकोल्याशी त्याचा जो खराखुरा संबंध आहे, तो मात्र कुठल्याच भिंतीवर दिसत नाही.

एप्रिल १८६१ मध्ये त्यानं बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग साहेबाला वऱ्हाड आठवलं! भाव आभाळाला भिडले, मुंबईत शेअरचा सट्टा पेटला. १८६५ च्या एप्रिलात लिंकनचा खून झाला, युद्धही संपत आलं आणि भाव धाडकन कोसळले. मुंबईत बुडालेल्या प्रेमचंद रायचंदांचं नाव पुस्तकात आहे. सावकाराकडून पैसे काढून पेरलेल्या वऱ्हाडी कास्तकाराचं आहे का?

गुलामगिरी गेली ते उत्तमच झालं, लिंकनवर माझा राग नाही. राग याचा, की १६० वर्षांनंतरही आपला भाव तिकडंच ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. आपल्या सरकारनं कापड गिरण्यांना आधार म्हणून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत! लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये होता, तो कागदावर.

गिरण्यांना सवलत द्या ना भाऊ, कोण नाही म्हणते? पण सीसीआयची केंद्रं दसऱ्याआधी उघडा, अन् शुल्कमाफी वेचणीच्या महिन्यांत नको.