फिरते घर मागवताना

अमेरिकेत १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर जाऊन स्थायिक झालेली मराठी माणसांची पहिली मोठी पिढी केव्हाच निवृत्त झाली आहे. नोकरीच्या धावपळीत पाहायची राहून गेलेली यलोस्टोन, झायन यांसारखी राष्ट्रीय उद्याने आता सावकाशीने पाहावीत, परक्या अंथरुणाऐवजी आपल्याच बिछान्यावर झोपावे, पथ्याचे अन्न स्वतः शिजवावे, अशा विचाराने यांतील काही जोडपी ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ घेतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, पिकअप ट्रकच्या किंवा दणकट मोटारीच्या मागे जोडून न्यायचे छोटे घर. विक्रेत्याच्या आवारात उभा असलेला तयार ट्रेलर घेता येतो, तसाच कारखान्याकडून आपल्या निवडीप्रमाणे बनवूनही घेता येतो. या उद्योगाचे माहेरघर असलेल्या इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरातून असे ट्रेलर देशभर जातात.

मागणी नोंदवताना विक्रेता पर्यायांची एक लांबलचक यादी पुढे ठेवतो. तीत गाद्यांचे रंग, मोठा दूरदर्शन संच, बाहेरचे स्वयंपाकघर यांना भरपूर जागा असते आणि चर्चाही त्यांचीच होते. ज्येष्ठांनी मात्र ही यादी प्रकृतीच्या दृष्टीने वाचावी. ट्रेलर दहा-बारा वर्षे वापरायचा असतो. पासष्टाव्या वर्षी मागवलेल्या घरात पंचाहत्तराव्या वर्षी वावरायचे आहे, हे ध्यानी घेऊन निवड करावी. त्यासाठी एक साधा नियम उपयोगी पडतो. जे भिंतीत, जमिनीत किंवा विजेच्या मूळ जोडणीत आहे, ते कारखान्यातच करवून घ्यावे. जे नंतर विकत आणून बसवता येते, त्यासाठी घाई करू नये.

सर्वांत आधी पलंगाचा विचार करावा. लहान ट्रेलरमध्ये जागा वाचवण्यासाठी पलंग कोपऱ्यात, तीन बाजूंनी भिंतींना टेकवून बसवलेला असतो. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री लघवीला उठायचे झाले, तर जोडीदाराला ओलांडून यावे लागते. पुरःस्थ ग्रंथीचा त्रास असलेल्या किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या व्यक्तीला रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते; अंधारातील ही कसरत पडण्यास थेट आमंत्रण देते. म्हणून दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग किंवा मधे वाट असलेले दोन स्वतंत्र पलंग निवडावेत. एअरस्ट्रीमसारख्या कंपनीच्या कित्येक आराखड्यांत एक रुंद पलंग की दोन स्वतंत्र पलंग, हा पर्याय मागणीच्या वेळीच विचारला जातो. रुग्णाला उठवून बसवणाऱ्या शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही पलंगाच्या कडेला उभे राहण्यापुरती जागा मिळते. पलंगाची उंची अशी असावी, की कडेवर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात राहतील.

यानंतर स्नानगृह पाहावे. काही छोट्या ट्रेलरांत शौचकूप आणि स्नानाची जागा एकच असते. स्नानानंतर तेथील जमीन बराच वेळ ओली राहते. ज्येष्ठांसाठी स्नानाची जागा वेगळी, कमी उंबरठ्याची आणि बसून स्नान करता येईल अशी असणे श्रेयस्कर. आधाराच्या दांड्यांविषयी विशेष सांगायला हवे. ट्रेलरच्या भिंती बहुधा पातळ पत्रे आणि फेस यांच्या थरांच्या असतात. त्यांत नुसता स्क्रू पिळून बसवलेली दांडी माणसाच्या वजनाने उपटून निघू शकते. भिंतीच्या आत भक्कम पाठफळी हवी आणि ती भिंत बनतानाच घालणे सोपे असते. काही कारखाने अशी विनंती मान्य करतात, काही करत नाहीत. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. मान्य झाल्यास मागणीपत्रावर लिहून घ्यावे.

दारापुढच्या पायऱ्याही तितक्याच महत्त्वाच्या. चौकटीखाली दुमडणाऱ्या, जमिनीला न टेकणाऱ्या पायऱ्या पाय ठेवताच किंचित हलतात. दारात उलगडून जमिनीवर टेकणाऱ्या आणि पायांची उंची जुळवता येणाऱ्या पायऱ्या अधिक स्थिर असतात. सोबत दाराशेजारी लांब, मजबूत कठडा मागावा.

बाजूला सरकून खोली रुंद करणारा भाग, म्हणजे स्लाइडआउट, मोकळी जागा देतो. चालण्याची काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यास ती हवीशी वाटणे साहजिक आहे. परंतु प्रवासात तो भाग आत असतो. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर, तो बाहेर न काढताही शौचालयापर्यंत आणि औषधांच्या कपाटापर्यंत पोहोचता येते का, हे तो बंद ठेवून प्रत्यक्ष पाहावे. आणीबाणीत बाहेर पडण्याची खिडकी किती उंचीवर आहे, तिची कडी सांधेदुखीच्या हातांनी उघडते का, हेही तपासावे. आराखड्यात दुसरे दार मिळत असेल, तर ते घ्यावे.

आता विजेविषयी. झोपेतील श्वासरोधासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी येथे हिशेब मांडावा. श्वासाचे यंत्र सरासरी ४० वॅट घेते असे धरले, तर आठ तासांत ३२० वॅट-तास लागतात. त्यातील आर्द्रता देणारी सोय चालू ठेवल्यास बरेच अधिक. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तास बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास असतात. जुन्या प्रकारच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज वापरणे हितावह असते, लिथियम बॅटरीतील बहुतेक सगळी वापरता येते. घरगुती प्राणवायू यंत्राला मात्र सुमारे ३०० वॅट लागतात, म्हणजे आठ तासांना २,४०० वॅट-तास. अशा रुग्णाने बॅटरीच्या भरवशावर रानात मुक्काम न करता विजेची जोडणी असलेल्या तळावरच थांबावे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज धावत्या प्रवासातही थंड राहतो. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज थांबल्यावर ट्रेलर समतल उभा केल्याशिवाय नीट काम करत नाही.

ॲरिझोना किंवा टेक्सासच्या उन्हाळ्यात जायचे असल्यास ५० अँपिअरची जोडणी आणि दुसऱ्या वातानुकूलन यंत्रासाठी तारा आधीच टाकून घ्याव्यात. ३० अँपिअरच्या जोडणीतून जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. दोन यंत्रे आणि मायक्रोवेव्ह एकदम चालवणे तिला झेपत नाही. वार्धक्यात उष्णतेचा त्रास लवकर होतो, हे ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकाच्या बाबतीत आपली फोडणी आणि फुलके विसरून चालणार नाही. धूर खरोखर ट्रेलरबाहेर टाकणारा पंखा आणि पावसातही उघडा ठेवता येणारा छताचा झरोका हे दोन पर्याय अवश्य घ्यावेत. दम्याच्या रुग्णाला त्यांची गरज अधिक.

प्रत्येक पर्यायाला किंमत असते, तसे वजनही असते, आणि हे बहुधा कोणी सांगत नाही. माहितीपत्रकातील वजन पुष्कळदा पर्यायांविना असते. समजा, ट्रेलरची कमाल मर्यादा ७,५०० पौंड आहे आणि सर्व पर्यायांसह तो ६,४०० पौंडांचा झाला. सामानासाठी उरले १,१०० पौंड. ४० गॅलन पाणी भरले, की ३३० पौंडांहून अधिक गेले. उरलेल्या भारात अन्नधान्य, भांडी, कपडे, चाकांची खुर्ची सगळे बसवायचे. शिवाय ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीवर पडायला हवा आणि तो ओढणाऱ्या गाडीला पेलला पाहिजे. मर्यादेबाहेर भरलेला ट्रेलर उतारावर सावरणे तरुणालाही जड जाते. म्हणून पाठफळी, पायऱ्या आणि बॅटरी यांसाठी वजन राखून ठेवावे. बाहेरचे स्वयंपाकघर आणि दुसरा दूरदर्शन संच यांना नकार द्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मुक्कामावर पतीची प्रकृती एकाएकी बिघडली, तर पत्नीला एकटीने ट्रेलर सोडवून मोटार रुग्णालयाकडे नेता येईल का? हाताने फिरवायच्या जॅकऐवजी विजेचा जॅक असेल, तर बटण दाबून ट्रेलरचे तोंड उचलता येते. तो नंतरही बसवता येतो, परंतु पहिल्या प्रवासापूर्वी असावाच. जोडणे-सोडवणे मात्र दोघांनीही शिकून घ्यावे.

मागणी पक्की करण्यापूर्वी त्याच आराखड्याचा ट्रेलर कोठे उभा असेल तेथे जाऊन तासभर आत घालवावा. पलंगावर आडवे होऊन उठावे, शौचकूपावर बसून उठावे, पायऱ्या चार वेळा चढून उतराव्यात. घरातील ज्या व्यक्तीला हालचाल सर्वांत कठीण जाते, तिने हे सर्व करून पाहावे आणि तिचे मत अंतिम मानावे. मग मागणीपत्राची शेवटची प्रत मागून घ्यावी, प्रत्येक ओळ वाचावी, आणि ट्रेलर ताब्यात घेताना तीच प्रत हाती धरून एकेक वस्तू पडताळावी. पैसे त्यानंतरच चुकते करावेत.