पंचवीसची पायरी

फिट येणाऱ्या माणसाच्या घरी लॅमोट्रिजिनची पहिली पट्टी येते, तेव्हा घरच्यांचा विरसच होतो. एवढा मोठा आजार आणि 25 मिलिग्रॅमची इवलीशी गोळी! मोठ्या माणसाला दुसरे कोणते औषध चालू नसेल, तर दोन आठवडे रोज हीच एक. पुढचे दोन आठवडे 50. मग दर एक-दोन आठवड्यांनी थोडेथोडे वाढवत 100 ते 200 पर्यंत. यात दीड-दोन महिने सहज जातात. मधेच फिट आली की घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘‘आणखी एक गोळी दे, काय बिघडतंय?’’

बिघडते ते कातडीचे. हे औषध घाईने वाढवले तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. बहुतेकांचे पुरळ साधे असते. काही थोड्यांना मात्र स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो: ताप, लाल डोळे, तोंडात फोड, सोलवटणारी कातडी. हे जिवावर बेतू शकते. गंभीर पुरळ बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दिसते आणि मुलांना धोका अधिक. अमेरिकेत 1994 साली परवानगी मिळालेल्या या औषधाच्या तिथल्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. म्हणून पुरळ दिसले की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सोबत व्हॅलप्रोएट हे फिटचे दुसरे औषध चालू असेल तर जपणूक दुप्पट. त्याच्यामुळे यकृत लॅमोट्रिजिनचा निचरा सावकाश करते, औषध रक्तात साचते. अशा वेळी मोठ्यांना 25 ची गोळी एक दिवसाआड देतात.

सर्वांत फसवी चूक खंडानंतर होते. गोळ्या संपल्या, लग्नघरात आठवडा गेला आणि परतल्यावर थेट 200 ची गोळी घेतली. इतक्या दिवसांनी शरीरात औषध जवळपास उरलेले नसते. पहिल्या पायरीपासूनच चढावे लागते. खंड पडला की आधी डॉक्टरांना फोन करायचा.

हा सगळा भार रुग्णाच्या स्मरणशक्तीवर टाकणे अन्यायाचे आहे. चिठ्ठीवर नुसते ‘हळूहळू वाढवा’ लिहून भागत नाही. कोणत्या तारखेपासून किती, हे डॉक्टरांनी मराठीत लिहून द्यावे. ते नसेल तर रुग्णाने तिथेच मागून घ्यावे आणि घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाशेजारी, प्रत्येक तारखेच्या चौकोनात तेवढा आकडा लिहावा.