विश्लेषण : विमानतळावर बोर्डिंग पास हाताने का लिहावे लागले?

१९ जुलै 2024, शुक्रवार. अंधेरीच्या विमानतळावर आकासा एअरने ऑनलाइन सेवा बंद असल्याचे सांगून चेक-इन हाताने सुरू केले. देशभरातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. इंडिगोची सुमारे 200 उड्डाणे रद्द झाली. त्यामागे हल्ला नव्हता. क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल होती.

एका फाइलने संगणक कसा बंद पडतो?

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि प्रिंटर, स्क्रीन, वाय-फाय यांच्यामधला दुभाषा. बहुतेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. ब्राउजर चुकला तर तोच बंद होतो. गाभ्यात चूक झाली तर विंडोज सगळेच काम थांबवते, कारण पुढे गेल्यास साठवलेली माहिती बिघडू शकते. निळा पडदा हा खरे तर बचावाचा उपाय आहे.

क्राऊडस्ट्राइकचे फाल्कन ड्रायव्हरच्या रूपात याच गाभ्यात बसते, कारण व्हायरसच्या आधी जागे व्हायचे असते. त्या दिवशी आलेली फाइल स्वतः ड्रायव्हर नव्हती. ड्रायव्हर ती वाचत होता. तिच्यात 21 रकान्यांची अपेक्षा होती, प्रोग्रामने पुरवले 20. एकविसावा शोधताना त्याने मेमरीच्या भलत्याच जागी हात घातला. फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 ला सुटली आणि 10.57 ला मागे घेतली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर 85 लाख यंत्रे कोसळली होती. ती विंडोजच्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी होती. मात्र विमान कंपन्या, बँका, रुग्णालये त्यांतच होती.

चूक मागे घेऊनही दुरुस्तीला दिवस का लागले?

बंद पडलेला संगणक इंटरनेटपर्यंत पोहोचतच नव्हता. त्यामुळे माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जावे लागले: सेफ मोड, ड्रायव्हर्समधला क्राऊडस्ट्राइक फोल्डर, 291 क्रमांकाची फाइल काढणे, पुन्हा सुरू करणे. काम काही मिनिटांचे. पण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी 48 आकडी रिकव्हरी की हवी, आणि ती ज्या सर्व्हरवर ठेवलेली तोच बंद असेल तर? गोची इथेच होती. भारताच्या सर्ट-इन या यंत्रणेनेही त्याच दिवशी हीच कृती सांगणारी सूचना काढली.

घरच्या संगणकावर असे झाले तर?

फाल्कन घरगुती संगणकावर सहसा नसते. पण ग्राफिक्स किंवा वाय-फायचा नवा ड्रायव्हर तसाच पडदा दाखवू शकतो. पडद्याचा फोटो काढा; त्यावर कधी कधी .एसवायएसने संपणारे फाइलचे नाव असते, तोच संशयित. सुरू होताना दोन-तीनदा कोसळल्यावर विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्टनंतर 4 दाबले की सेफ मोड येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असते. जुना ड्रायव्हर परत येतो. नवा हवाच असेल तर लॅपटॉप कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहिलेले बरे. फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

आणि बिटलॉकरची की? घरच्या लॅपटॉपची बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. संगणक ठीक चालू असतानाच ती पाहून कागदावर लिहून ठेवावी. बोरिवली-मुलुंडच्या घरी आणलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपची की कंपनीकडे असते. तिथे स्वतः खटपट न करता आयटी विभागाला फोन करावा.

त्यानंतर काय बदलले?

मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये दोन गोष्टी पुढे आणल्या. सुरू न होणारे यंत्र स्वतःच नेटवरून उपाय शोधू शकेल अशी ‘क्विक मशीन रिकव्हरी’ विंडोज 11 मध्ये आली, आणि सुरक्षा कंपन्यांना गाभ्याबाहेर काम करता येईल अशी व्यवस्था चाचणीसाठी देण्यात आली. ग्राफिक्सचे ड्रायव्हर मात्र गाभ्यातच राहणार आहेत.