रिकामी बंदूक नसतेच!

मुलांनो,

गेल्या आठवड्यात आमच्या गावची जत्रा झाली. पाळण्यात बसून झालं, भेंड-बत्तासे खाऊन झाले आणि आमची चौथीची पलटण फुगे फोडायच्या दुकानापुढे येऊन थांबली. दहा रुपयांना पाच छर्रे! मीही मागे उभी होते.

एका मुलाने (नाव सांगत नाही, तोही हा अंक वाचतो!) नेम धरला. तीन फुगे फुटले, एक नेम चुकला. आणि "बाई, बघितलं का?" म्हणत स्वारी बंदुकीसकट माझ्याकडे वळली! बंदुकीची नळी माझ्यावरून, शेजारच्या दोन मुलींवरून फिरली. दुकानवाल्या काकांनी झडप घालून नळी जमिनीकडे दाबली. तेवढ्यात 'फट्' असा आवाज झाला आणि पायाजवळची माती उडाली.

पोरगा पांढराफटक पडला. म्हणाला, "पण बाई, रिकामी होती ती! माझे पाच झाले होते ना!"

झाले होते चारच. पाचवा छर्रा काकांनी नुकताच भरला होता.

छर्रा तो केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढा. पण डोळ्यात गेला तर डोळा जातो. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक काही त्या एकट्याची नव्हती. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवत होते. पण बंदूक हातात घ्यायची कशी, हे त्याला आधी सांगितलं होतं का? नाही. म्हणून आज तुम्हाला सांगते.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजीचं भारी वेड. इथल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्यांच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं, ठाऊक आहे? जेमतेम एक सेंटिमीटर! तेही ५० मीटरवरून टिपायचं.

पण नेमबाजीच्या मैदानावर पहिला धडा नेम धरण्याचा नसतोच. पहिला धडा असतो बंदूक हाताळण्याचा. त्याचे चार नियम पाठच करून टाका.

एक : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. कुणी "रिकामी आहे" म्हटलं तरीसुद्धा!

दोन : नळीचं तोंड माणसाकडे, जनावराकडे कधीच नाही. गमतीतसुद्धा नाही. ते कायम लक्ष्याकडे, नाहीतर सुरक्षित बाजूला.

तीन : नेम धरून बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नाही. ते बाहेर, सरळ ठेवायचं.

चार : लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, हे आधी बघायचं. लहानशी पॉइंट टू-टू रायफल असते ना, तिची गोळी किलोमीटरभराहूनही लांब जाते. म्हणून मैदानावर लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा भिंत असते.

तुम्ही म्हणाल, "बाई, एक नियम पुरे की! चार कशाला?" अहो, आपलं लक्ष कधीतरी उडतंच. माझ्या विद्यार्थ्याने मोजण्यात चूक केली, म्हणजे पहिला नियम मोडला. पण नळी फुग्यांकडेच असती, तर काय बिघडलं असतं? निदान बोट चापाबाहेर असतं, तरी छर्रा उडाला नसता. एक नियम चुकला तर दुसरा सावरतो. मात्र त्या क्षणी आठवायला वेळ नसतो. हाताला सवयच हवी.

मोठमोठे खेळाडूही सवयीवरच चालतात. स्पर्धेत बंदूक वापरात नसली, की तिच्यात भडक रंगाची खूण घालून ठेवतात. एअर रायफलमध्ये तर ही दोरी नळीभर लांब असते. म्हणजे बंदूक रिकामी आहे हे तोंडाने सांगायचं नाही, डोळ्यांना दिसलं पाहिजे! "थांबा" असा हुकूम झाला, की सगळे जागच्या जागी थांबतात. पुढे कुणी लक्ष्यापाशी गेलं असेल, तर मागे बंदुकीला कुणीही हात लावत नाही.

आणि घरात, शेतावर, कुठेही बंदूक पडलेली दिसली तर? थांबा. हात लावू नका. तिथून लांब जा. मोठ्या माणसाला सांगा. कोकणात पिकांच्या राखणीसाठी काही घरांत ठासणीची बंदूक असते. तिच्यात दारू आणि छर्रे तोंडातून ठासून भरतात. ती भरलेली आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. मित्र म्हणाला, "भितोस काय?" तर म्हणा, "हो, भितो!" आणि त्यालाही हाताला धरून बाहेर न्या.

आई-बाबांनो, दोन शब्द तुम्हालाही. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि किल्ली? ती देवळीत किंवा खुंटीवर नको. मुलांना सगळ्या जागा माहीत असतात! मुलांना नेमबाजी शिकायची असेल तर जरूर शिकवा, पण जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली.

या आठवड्याचा उद्योग : खेळण्यातली बंदूक किंवा पिचकारी घ्या. नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, असं धरून अंगणात दहा फेऱ्या मारा. भावंडांना मागून हाक मारायला सांगा. हाक आली की फक्त मान वळवायची, नळी नाही! कितीदा चुकलात ते मोजा आणि मला खरंखरं कळवा.

आमचा तो वीर पहिल्या दिवशी सात वेळा चुकला. काल मात्र एकदाही नाही.

तुमच्या,
बाई