रॅली ड्रायव्हर भारी की एफ-वनवाला? घाटात रील काढण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये रॅलीच्या जगात एक बातमी आली आणि चाहत्यांचे मोबाईल दिवसभर वाजत राहिले. फिनलंडचा काले रोवानपेरा रॅली सोडतोय! वय जेमतेम २५. जागतिक रॅली स्पर्धेचा, म्हणजे डब्ल्यूआरसीचा, २०२२ आणि २०२३ असा दोन वेळचा विजेता. पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा बाविसावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता. असा माणूस तेव्हा म्हणाला की २०२६ मध्ये मी जपानच्या सुपर फॉर्म्युलात, म्हणजे सर्किटवरच्या एका सीटच्या रेसिंग कारमध्ये बसणार.

मग जुना वाद पुन्हा पेटला. खरा भारी ड्रायव्हर कोण, रॅलीचा की सर्किटचा?

जळगाव असो की धुळे, कॉलेजच्या कट्ट्यावर हा वाद रंगतो तेव्हा तीन प्रकारची मतं ऐकू येतात. एक जण म्हणतो, "एफ-वनच्या पुढे काही नाही." दुसरा म्हणतो, "सर्किटवर कोणीही गाडी पळवेल, जंगलात पळवून दाखव." आणि तिसरा म्हणतो, "ते सोड भो, आपला दादा कन्नड घाट कसा उतरतो बघितलंय का? तो खरा रॅली ड्रायव्हर!"

पहिल्या दोघांचं भांडण मजेचं आहे. तिसऱ्याचं वाक्य मात्र धोक्याचं आहे. ते का, हे समजायला आधी पहिल्या दोघांचं ऐकून घेऊ.

अंतर तेच, खेळ वेगळा

एफ-वनची एक शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते. डब्ल्यूआरसीच्या एका रॅलीत घड्याळ लावून चालवायचं अंतरसुद्धा ३०० किलोमीटरच्या आसपास असतं. पण ते अंतर कसं कापायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटचं उदाहरण घ्या. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं एफ-वन झाली. ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा, वळणं १६ आणि फेऱ्या ६०. म्हणजे ड्रायव्हर तीच सोळा वळणं एका शर्यतीत साठ-साठ वेळा घेतो. त्याआधी सरावाची सत्रं होतात, त्याही आधी सिम्युलेटरवर तासन्‌तास तेच चालू असतं. कुठे ब्रेक दाबायचा हे त्याच्या पायाला पाठ होतं. आता लढाई असते ती सेकंदाच्या शंभराव्या, हजाराव्या भागाची. शिवाय आजूबाजूला वीसेक गाड्या. वळणात मानेवर गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट ताण. "कोणीही पळवेल" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

रॅलीत तीन-चार दिवसांत बरेच वेगवेगळे टप्पे असतात, त्यांना 'स्पेशल स्टेज' म्हणतात. रस्ता गावाचा, जंगलाचा, डोंगराचा, पण स्पर्धेपुरता बंद केलेला. गाड्या एकदम सुटत नाहीत, काही मिनिटांच्या अंतराने एकेक सुटते. बाजूला प्रतिस्पर्धी दिसत नाही. तुमची लढत घड्याळाशी आणि रस्त्याशी. बरेच टप्पे दोनदा चालवतात, तरी सर्किटसारखं साठ वेळा घोटून घ्यायची सोय नाही.

मग न पाठ झालेल्या रस्त्यावर एवढ्या वेगात गाडी जाते कशी?

कानाने गाडी चालवणारी माणसं

याचं उत्तर शेजारच्या सीटवर बसलेलं असतं, सहचालक म्हणजे को-ड्रायव्हर. त्याच्या मांडीवर एक वही असते. रॅली सुरू होण्याआधी दोघं साध्या गाडीने, आयोजकांनी घालून दिलेल्या वेगमर्यादेत, प्रत्येक टप्प्यावरून फिरून येतात. याला 'रेकी' म्हणतात. डब्ल्यूआरसीत ही संधी दोनदा मिळते. त्या दोन फेऱ्यांत ड्रायव्हर बोलतो आणि सहचालक लिहून घेतो. याच त्या 'पेसनोट्स'.

मराठीत करायच्या तर साधारण अशा: "शंभर मीटर सरळ, उंचवटा, लगेच डावं चार, आवळतंय, आतून कापू नको, दगड." यातला 'चार' म्हणजे वळणाची तीव्रता. बरेच ड्रायव्हर एक ते सहा असे आकडे वापरतात. 'आवळतंय' म्हणजे वळण पुढे जाऊन अजून तीव्र होतंय.

प्रत्यक्ष स्पर्धेत सहचालक हेल्मेटमधल्या माईकवरून हे वाचत जातो. तेही वळण दिसण्याआधी. उंचवट्यावरून गाडी हवेत असते, समोर फक्त आभाळ दिसतं आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडत नाही. कारण पलीकडे रस्ता डावीकडे जातो हे त्याने ऐकलेलं असतं.

म्हणजे सर्किटचा ड्रायव्हर घोटून पाठ झालेल्या माहितीवर चालतो आणि रॅलीचा ड्रायव्हर नुकत्याच कानावर पडलेल्या माहितीवर. अंदाजाने दोघांपैकी कोणीच चालवत नाही. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

घसरणं ही चूक की कला?

दुसरा मोठा फरक पकडीचा. पहिल्या पावसात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर बाईक घातलेल्या कुठल्याही खान्देशी माणसाला पकड म्हणजे काय हे समजावायची गरज नाही.

डांबरी सर्किटवर रेसिंग टायर अगदी थोडा घसरत असतो तेव्हा सर्वांत जास्त पकड देतो. जास्त घसरला की वेळ वाया आणि टायरही तापतो. म्हणून सर्किटचा ड्रायव्हर गाडी नीट रेषेत ठेवतो. मुरूम-खडीच्या रस्त्यावर गणित वेगळं. वरचा थर सुटा असतो, टायरला तो उकरून खाली जावं लागतं. म्हणून तिथे गाडी तिरकी करणं फायद्याचं ठरतं. रॅलीवाले वळणाआधी क्षणभर स्टिअरिंग उलट्या दिशेला देतात, वजन एका बाजूला झुकवतात आणि मग गाडी वळणात फेकतात. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर, दोन्ही एकाच वेळी कामात.

आणखी एक गंमत. खडीच्या रॅलीत पहिल्यांदा सुटणाऱ्या गाडीचं नुकसान होतं. ती सुटी खडी झाडत जाते आणि मागच्यांना स्वच्छ रस्ता मिळतो. डब्ल्यूआरसीत पहिल्या मुख्य दिवशी हे झाडूकाम गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्याच्याच वाट्याला येतं. म्हणजे जो पुढे आहे त्यालाच जड ओझं!

इकडून तिकडे गेलेल्यांचं काय झालं?

वाद निकाली काढायचा तर ज्यांनी दोन्ही केलं त्यांच्याकडे बघावं.

किमी रायकोनेन, २००७ चा एफ-वन विजेता. २०१० आणि २०११ ही दोन वर्षं डब्ल्यूआरसीत उतरला. दोन्ही वर्षी एकूण दहावा. सर्वांत चांगला निकाल तुर्कस्तानात, पाचवा. मग एफ-वनमध्ये परतला आणि २०१२ मध्ये अबू धाबीची शर्यत जिंकला. म्हणजे वेग संपला नव्हता, रॅलीची वही मात्र दोन वर्षांत अंगात भिनली नाही.

उलट बाजूने सेबास्टियन लोएब. नऊ वेळचा रॅली विजेता, २००६ मध्ये ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ दुसरा आला. २००९ मध्ये अबू धाबीत एफ-वन शर्यतीला उतरायचं ठरत होतं, पण त्यासाठी लागणारा सुपर लायसन्स मिळाला नाही. २०२२ मध्ये स्वीडनच्या बर्फावर झालेल्या 'रेस ऑफ चॅम्पियन्स'मध्ये त्याने अंतिम फेरीत चार वेळच्या एफ-वन विजेत्या सेबास्टियन वेटेलला हरवलं. अर्थात बर्फ हे रॅलीवाल्यांचं घरचं मैदान.

आणि रॉबर्ट कुबित्सा. २००८ मध्ये कॅनडाची एफ-वन शर्यत जिंकणारा. फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीत एका छोट्या रॅलीत भीषण अपघात होऊन त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. तरी २०१३ मध्ये तो डब्ल्यूआरसी-२ गटाचा विजेता झाला आणि जून २०२५ मध्ये ल मांस जिंकणाऱ्या फेरारीत होता.

यातून आमचं मत असं: हात आणि नजर दोघांकडे सारखीच असते, सवय वेगळी असते. ती बदलायला वर्षं लागतात. रोवानपेराच्या निर्णयाकडे म्हणूनच सगळ्यांचं लक्ष गेलं. आठ वर्षांचा असताना गोठलेल्या तळ्यावर गाडी घसरवतानाचा त्याचा व्हिडिओ व्हायरल झाला होता. सर्किटवर जायचं तर त्या मुलाला 'घसरू नको' हे शिकावं लागणार होतं.

आपल्याकडे रॅली कुठे आहे?

फार लांब नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालात की नाशिक येतं. त्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या नावाने राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीत वर्षानुवर्षं उतरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डकारच्या 'क्लासिक' गटात जुनी टोयोटा लँड क्रूझर घेऊन गेले. दिल्लीच्या गौरव गिलने आशिया-पॅसिफिक विजेतेपद २०१३, २०१६ आणि २०१७ असं तीनदा जिंकलं. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टसाठी हा मान मिळवणारा तो पहिलाच.

तरीही आपल्याकडे एफ-वनचे चाहते जास्त दिसतात. कारण सर्किट कॅमेऱ्यासाठी सोपं आहे. दोन तासांची शर्यत, समोरासमोर ओव्हरटेक. रॅली तीन-चार दिवस पसरलेली, डोंगरात विखुरलेली. पण एक गोष्ट मोबाईलवर रॅलीचीच चालते: वीस सेकंदांची क्लिप. धूळ, उडी, तिरकी गाडी. नेमकी इथेच गडबड होते. क्लिपमध्ये गाडी दिसते, वही दिसत नाही. बंद केलेला रस्ता, दर काही अंतरावर उभे मार्शल, रुग्णवाहिका, गाडीच्या आतला लोखंडी पिंजरा, यातलं काहीच दिसत नाही.

आता त्या 'घाटातल्या दादा'कडे येऊ

चाळीसगाव सोडून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट घ्या. दादा म्हणतो, "मला हा घाट पाठ आहे." ठीक, पाठ आहे असं धरू. पण ऑगस्ट २०२१ च्या शेवटी याच घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. एका रात्रीत पाठ केलेला रस्ता बदलला. दरड सोडा, वळणापलीकडे आज बंद पडलेला ट्रक आहे का, डिझेल सांडलंय का, कोणी बाईक थांबवून सेल्फी काढतंय का, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या शेजारच्या सीटवर वही नसते, रील काढणारा मित्र असतो.

सर्किटवाल्याची माहिती पाठ झालेली, रॅलीवाल्याची लिहिलेली. दादाकडे फक्त अंदाज आहे. आणि त्याच्या चुकीची किंमत समोरून येणारं कुटुंब मोजतं.

एवढी तयारी असूनसुद्धा रॅलीत माणसं मेली आहेत. १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये गाडी प्रेक्षकांत घुसली. त्याच वर्षी कोर्सिकात आघाडीचा ड्रायव्हर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्टो गेले. त्यानंतर 'ग्रुप बी' हा सर्वांत ताकदवान गाड्यांचा गटच बंद झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या मार्गावर एक मोटरसायकल आली, धडक झाली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. तो रस्ता तर स्पर्धेसाठी ठरवून घेतलेला होता. उघड्या घाटात काय होईल, विचार करा.

कायदाही हाच फरक करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पकडले गेलात तर एक वर्ष आणि १०,००० पर्यंत. आणि रील म्हणजे स्वतःच अपलोड केलेला पुरावा!

शौक खरा असेल तर

मन मारायची गरज नाही. सुरुवात अशी करता येते:

- टीएसडी रॅली: टाइम-स्पीड-डिस्टन्स. साधी गाडी, साधा रस्ता, वाहतुकीचे नियम पाळून. दिलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या क्षणी पोचायचं. लवकर पोचलात तरी गुण कापले जातात! वही वाचायची सवय इथेच लागते.
- ऑटोक्रॉस: मोकळ्या मैदानात आखलेल्या मार्गावर एकेक गाडी, घड्याळाशी शर्यत. एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची स्पर्धा आहे का, हे आधी तपासा.
- सिम्युलेटर: कॉम्प्युटरवर 'डर्ट रॅली २.०', फोनवर 'रश रॅली ३'. आयर्लंडचा जॉन आर्मस्ट्राँग २०१८ मध्ये डब्ल्यूआरसीच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेचा विजेता होता आणि खऱ्या गाडीतही रॅली चालवतो.
- सहचालक व्हा: सगळे स्टिअरिंगच्या मागे लागतात. नकाशा, गणित आणि थंड डोकं असलेल्याची गरज प्रत्येक गाडीला असते.

तर भारी कोण? आपापल्या मैदानात दोघंही. पुढच्या वेळी कट्ट्यावर कोणी घाटातल्या दादाचं नाव घेतलं तर एवढंच विचारा: "त्याच्या नोट्स कोण वाचतं?"