केळीला नाव ड्यूकचे

इंग्लंडला गेलेला आपला माणूस बहुधा लंडन पाहून परततो. आम्ही मात्र भाच्याच्या आग्रहाखातर एक दिवस शेफील्डहून बसने चॅट्सवर्थला गेलो. डर्बीशायर परगण्यातला हा डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा. घराण्याचे आडनाव कॅव्हेंडिश. वाड्याभोवती शंभर एकरांहून मोठी बाग. आज तिकीट काढले की कुणालाही आत जाता येते. सोबत भाच्याची आई, म्हणजे आमच्या थोरल्या अक्का होत्या. त्यांचे सासर रावेर तालुक्यातले. उभी हयात केळीच्या मळ्यात मजुरी करण्यात गेली.

बाहेरची झाडे आम्हाला अनोळखी. भाचा पाट्या वाचून सांगत होता, आम्ही माना डोलावत होतो. पण काचघरात शिरलो आणि अक्का थबकल्या. म्हणाल्या, "भाऊ, ही तर आपली बसराई!" ठेंगणा बुंधा, रुंद पाने. पाटी न वाचता अक्कांनी झाड ओळखले. पाटीवर नाव होते कॅव्हेंडिश.

ही केळ मूळची चीनकडची. मॉरिशसमार्गे ती इंग्लंडात आली. १८३५ साली चॅट्सवर्थच्या काचघरात तिला फूल आले. ते आणले जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने. शेतकऱ्याच्या घरातला हा पोरगा १८२६ साली तेविसाव्या वर्षी इथला मुख्य माळी झाला. पुढे १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी त्याने काचेचा महाल उभारला आणि तो 'सर' झाला. केळीला मात्र नाव दिले गेले मालकाचे. आज जगाच्या बाजारात जाणारी बहुतेक केळी याच कॅव्हेंडिश जातीची. आपली बसराई त्याच कुळातली.

अक्का हसून म्हणाल्या, "कंद लावला कुणी, पाणी पाजले कुणी, अन् नाव मालकाचे!"

या बागेची आणखी एक कथा आहे, ती आपल्या जवळची. १८२६-२७ साली कलकत्त्याच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. वॉलिच ब्रह्मदेशात गेले होते. मार्तबान भागात एका जुन्या विहाराच्या बागेत त्यांना लालभडक फुलांच्या झुंबरांनी लगडलेली झाडे दिसली. जवळच्या लेण्यांत बुद्धमूर्तींपुढे तीच फुले ओंजळी भरभरून वाहिलेली होती. ब्रह्मी लोक या झाडाला थॉका म्हणत. वॉलिचनी त्याचे नाव ठेवले 'अ‍ॅमहर्स्टिया', गव्हर्नर जनरलच्या पत्नीच्या आणि मुलीच्या सन्मानार्थ. ज्या भिक्खूंनी ते झाड विहारात जपले, त्यांचा त्या नावात मागमूस नाही.

चॅट्सवर्थच्या ड्यूकला या झाडाचा ध्यास लागला. १८३५ साली त्याने जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी हिंदुस्थानात धाडला. गिब्सन खासी डोंगरांत फिरला, तिथली ऑर्किडे गोळा केली, कलकत्त्याहून अ‍ॅमहर्स्टिया मिळवली आणि १८३७ साली काचेच्या पेट्यांतून सारे इंग्लंडात नेले. खासी डोंगरातल्या एका ऑर्किडालाही ड्यूकचेच नाव मिळाले. पण अ‍ॅमहर्स्टिया त्याच्याकडे कधी फुलली नाही. इंग्लंडात ती पहिल्यांदा फुलली १८४९ साली, ईलिंग येथे लुइसा लॉरेन्स या बाईंच्या बागेत. ड्यूकचे ते प्रचंड काचघर १९२० साली पाडले गेले. त्या जागी आता झाडांच्या कुंपणांचा भुलभुलैया आहे.

हे झाड पाहायला इंग्लंडचे तिकीट काढायला नको. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत ते आहे. मराठीत त्याला उर्वशी म्हणतात. ओळखायची खूण अशी : कोवळी पाने तांबूस आणि मलूल होऊन खाली लोंबतात, मग हिरवी होऊन सावरतात. फुलांचे लांब घोस उलटे लटकतात. फुले लाल, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर फुले दिसण्याचा संभव अधिक.

आपण राणीच्या बागेत जातो ते वाघ आणि पेंग्विन पाहायला. पुढच्या खेपेला मुलांना एक वही द्या. रोज नव्हे, एका फेरीत पाचच झाडे. पान कसे, साल कशी, फूल वर उभे की खाली लोंबते, एवढे लिहू द्या. मग पाटी वाचा. दोन शब्दी शास्त्रीय नावात पुष्कळदा एखादा गाव, देश किंवा माणूस दडलेला असतो. 'इंडिका' दिसले तर आपल्या देशाचा धागा लागला म्हणून समजा.

घरी परतल्यावर आजीलाही विचारा, गावाकडे या झाडाला काय म्हणत? तेही नाव त्याच वहीत शेजारी लिहा. पाटीवर मालकाचे नाव आहे, असू द्या. झाड हाताळणाऱ्यांचे नाव आपण लिहिले नाही तर ते कोण लिहिणार?