सायकलवरून दिसणारी मुंबई

विज्ञानाची सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे एखादे धरण, कारखाना किंवा तारांगण उभे राहते. त्यासाठी बस ठरवावी लागते, वर्गणी काढावी लागते. मुंबईतल्या मुलांना मात्र याहून मोठी प्रयोगशाळा फुकट मिळालेली आहे. शहराचा समुद्रकिनारा आणि शहरातल्या बागा हीच ती प्रयोगशाळा. तिथे हिंडायला सायकलीसारखे वाहन नाही, असे माझे ठाम मत आहे. मोटारीच्या बंद काचेआड वारा कळत नाही. पायी चालणारा तासाला चार-पाच किलोमीटरच जातो. सायकलस्वार तेवढ्या वेळात बारा-पंधरा किलोमीटर सहज हिंडतो आणि मनात येईल तिथे पाय टेकून थांबतो.

मरीन ड्राइव्हचेच पाहा. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीकडे जाणारा हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. मग पहाटे हलके फिरणारे पायडल दुपारनंतर जड का होते? दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि त्या जागी समुद्रावरून थंड हवा येते. हेच भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे. समजा, तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने जात आहात आणि समोरून वाराही तेवढ्याच वेगाने येत आहे. म्हणजे हवा तुमच्या अंगावर ताशी ३० किलोमीटर वेगाने येते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो दुप्पट होत नाही, चौपट होतो! हा नियम एकदा मांड्यांना कळला की तो पाठ करावा लागत नाही.

चौपाटीवरून मलबार हिल चढताना दुसरे गणित भेटते. टेकडीची उंची सुमारे ५० मीटर धरा आणि सायकलीसह तुमचे वस्तुमान ६५ किलोग्रॅम. एवढे वर नेण्यास सुमारे ३२,००० ज्यूल, म्हणजे साडेसात किलोकॅलरी ऊर्जा लागते. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात आणतात. तेव्हा खर्च झाला तीस किलोकॅलरी. एका केळ्यातून सुमारे शंभर मिळतात. केळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यात टेकडी सर!

बागांचा धडा वेगळा. दादर-माटुंग्याच्या पाच बागांजवळ तापलेला रस्ता सोडून झाडांच्या सावलीत शिरताच चेहऱ्याला गारवा जाणवतो. तो केवळ सावलीचा नसतो. पानांतून बाहेर पडणारी पाण्याची वाफ हवेतली उष्णता घेऊन जाते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी संध्याकाळी थांबा, पर्जन्यवृक्षांची पाने मिटलेली दिसतील. भायखळ्याच्या राणीच्या बागेपाशी मात्र सायकलीला कुलूप लावा आणि आत पायीच जा.

हे सारे खरे, पण मुंबईच्या रस्त्यावर मुलाला सायकल घेऊन कोण पाठवील? पालकांची ही भीती रास्त आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सायकलींसाठी मार्गिका केली होती. पुढे तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावरून मोटारी धावतात, पण तिथे सायकलीला मज्जाव आहे. म्हणजे समुद्र सर्वांचा, पण त्याच्या काठाने जाण्याची सोय आधी मोटारवाल्यांची!

जागा नाही, असे उत्तर मिळते. ते मला पटत नाही. एक मोटार नुसती उभी राहते त्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. शिवाय नवा रस्ता बांधावा असेही नाही. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते काही तास मोटारींना बंद ठेवतात. आज तिथे शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते लहानथोरांना मोकळे मिळतात. मुंबईच्या किनाऱ्यावर दर रविवारी सकाळी तीन तास एवढे तरी का होऊ नये?

शिक्षकांनी यात पुढाकार घ्यावा. आपल्या शाळेपासून जवळच्या बागेपर्यंतचा रस्ता विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावा. तासात मोटारी किती जातात, सायकली किती, धोक्याची वळणे कुठे, हे वहीत मांडून नकाशासह प्रभाग कार्यालयात द्यावे. मुलांनी स्वतः मोजलेले आकडे कोणालाही सहज बाजूला सारता येत नाहीत.